शिवारातल्या लग्नाचे फोटो: बेळगाव-खानापूर भागात नव्यानं कॅमेरा हाती घेणाऱ्यांसाठी

आमच्या भागात लग्न किती वाजता आहे असं कुणी विचारत नाही. "अक्षता किती वाजता?" असं विचारतात. पत्रिकेवर १२ वाजून ३२ मिनिटं किंवा गोरज असं काहीतरी छापलेलं असतं आणि गावातला प्रत्येक माणूस आपला दिवस त्या आकड्याभोवती लावतो. फोटोग्राफरनंही तिथूनच सुरुवात करायची. पत्रिका हातात आली की पहिल्यांदा मुहूर्त बघायचा, मग तारीख, मग ठिकाण. त्या वेळी त्या जागी सूर्य कुठं असेल याचा विचार तिथंच सुरू होतो.

खानापूर, नंदगड, जांबोटी, इकडं येळ्ळूर, कडोली, उचगाव, थेट निपाणीपर्यंत काही जोडपी हल्ली कार्यालय न घेता घरच्या शेतात अक्षता टाकतात. आंब्याखाली मांडव, दीडदोनशे माणसं, स्टेज नाही, सोफा नाही, आहेराची लांब रांग नाही. मला ही लग्नं मनापासून आवडतात. पण नवख्या फोटोग्राफरला तीच जड जातात. कार्यालयात उजेड ठरलेला असतो, जागा ठरलेली असते, माणसं एकामागून एक तुमच्यासमोर येऊन उभी राहतात. शेतात काहीच तुमच्यासमोर येत नाही. नवरी विहिरीकडं असते, नवऱ्याचे मित्र उसाच्या कडेला बसलेले असतात, आणि सगळ्यात सुंदर गोष्ट तुमच्या पाठीमागं घडून गेलेली असते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की लग्नाच्या दिवशी कुणालाही थांबवायचं नाही. "हार परत एकदा घाला", "भटजी, एक मिनिट" हे शब्द तोंडातून येऊ द्यायचे नाहीत. जोडप्यानं शेत निवडलं ते मोकळं वावरता यावं म्हणून. आपण मध्ये उभं राहून त्याचं पुन्हा स्टेज केलं तर मग त्यांना कार्यालय काय वाईट होतं? थांबवायचं नसेल तर निम्मं काम आधीच उरकावं लागतं. ते कसं, हे पुढं सांगतो.

आधी शेत चालून या

लग्नाच्या आठवडाभर आधी एकदा तरी जागेवर जा. मुहूर्त दुपारचा असेल तर दुपारी त्याच वेळेला जा आणि संध्याकाळपर्यंत तिथंच थांबा. बोहलं जिथं होणार तिथं उभं राहून सावकाश एक गिरकी घ्या आणि चारी बाजूंचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. विजेचा खांब कुठं आहे, पाण्याची काळी टाकी कुठं आहे, वऱ्हाडाच्या गाड्या कुठं लागणार, हे सगळं बघून घ्या. गाड्यांचं तर घरच्यांना आधीच सांगा. बोहल्याच्या मागं एकदा पांढरा टेम्पो लागला की तो दिवसभर हलत नाही आणि प्रत्येक फोटोत येतो.

ऊन ऋतूप्रमाणं वेगळं वागतं, ते नीट समजून घ्या. डिसेंबरात आपल्याकडं भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही. दक्षिणेकडं झुकलेला, साधारण ५० अंशांवर असतो. म्हणजे मांडवाच्या दक्षिणेच्या बाजूनं ऊन आत शिरतं आणि उत्तरेच्या बाजूला छान मऊ सावली मिळते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र बेळगावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला उभ्या काठीची सावली काठीच्या पायाशीच जिरते. आपले दुपारचे मुहूर्त नेमके त्याच वेळेचे. अशा उन्हात माणूस उघड्यावर उभा केला की भुवयांखाली, नाकाखाली काळे खड्डे पडतात, नवरीचे डोळेच दिसत नाहीत. त्याला कॅमेऱ्यात उपाय नाही. सावली शोधणं हाच उपाय.

मावळतीचंही गणित आहे. डिसेंबरात सूर्य ६ वाजून ५ मिनिटांच्या आसपास मावळतो, मेच्या मध्यावर ७ ला थोडी कमी असताना. पण जांबोटी, कणकुंबीकडं पश्चिमेला सह्याद्रीचा डोंगर उभा आहे. तिथं घड्याळातली मावळतीची वेळ येण्याच्या दहा-वीस मिनिटं आधीच शेतातलं ऊन निघून गेलेलं मी कितीदा पाहिलंय. गोरज मुहूर्त असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण आपल्याकडं संधिप्रकाश लांबत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत चांगला अंधार होतो. पत्रिकेत गोरज आणि वऱ्हाड चोर्ला घाटातून गोव्याहून येणार, असा योग असेल तर अक्षता दिव्यांच्या उजेडातच पडतील असं धरून तयारी करा.

आणखी एक, जमीन बघा. खानापूरकडची तांबडी माती खालून उजेड परत फेकते आणि हनुवटीखाली, गळ्यावर नारिंगी झाक येते. शेणानं सारवलेल्या अंगणात तसं होत नाही. भात कापल्यानंतरच्या शेतात धसकटं असतात. पातळ चपला घालून त्यात मागं मागं चालत फोटो काढायला गेलात तर पाय सोलून निघतात. नवरीलाही तिथून चालवायचं असेल तर बांधावरून चालवा.

मांडववाल्याशी दोन शब्द

हे मी एका लग्नात पोळल्यावर शिकलो. खानापूरच्या पुढं एका शेतात दुपारच्या अक्षता होत्या. उन्हाचा त्रास नको म्हणून घरच्यांनी वरून हिरवी शेडनेट ओढली होती, भाजीच्या रोपवाटिकेत असते तशी. डोळ्यांना छान गार वाटत होतं. मी आनंदात फोटो काढत राहिलो. रात्री घरी येऊन संगणकावर बघतो तर सगळ्यांचे चेहरे हिरवट, आजारी माणसासारखे. नवरीची हळद कुठं आणि तो रंग कुठं! बोहल्याच्या कडेला जिथून थोडं उघडं ऊन येत होतं, तिथं अर्धा चेहरा हिरवा आणि अर्धा पिवळा. अर्धा सुधारला की दुसरा अर्धा बिघडायचा. तीन आठवडे बसून मी ते फोटो जमेल तेवढे सरळ केले, शेवटी बरेचसे कृष्णधवल करून दिले. घरचे काही बोलले नाहीत. पण नवरीच्या शालूचा रंग कुणालाच कधी दिसला नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मी दोन दिवस आधी मांडववाल्याला फोन करतो. बोहल्यावर तरी वरचं कापड पांढरं लावा एवढीच विनंती असते. लाल-पिवळ्या झालरी कडेला चालतील, डोक्यावर नकोत. झावळ्यांचा मांडव असेल तर अजून वेगळं. झावळ्यांतून उन्हाचे कवडसे पडतात, नवरीच्या कपाळावर एक पांढरा ठिपका आणि गालावर दुसरा. झावळ्यांवर आतून एक पांढरी चादर ताणून बांधली की काम होतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगावं लागतं, आणि आधीच सांगावं लागतं. मांडववाली मंडळी ऐकतात. त्यांनाही आपला मांडव फोटोत चांगला दिसावा असं वाटतंच की.

घरच्यांकडून काय विचारून घ्यायचं

प्रत्येक घरची रीत निराळी. देवक कधी, हळद आदल्या दिवशी की त्याच सकाळी, चुडा कुठं भरणार, सप्तपदी अक्षतांच्या आधी की नंतर, हे सगळं घरातल्या जाणत्या बाईला विचारा. पुरुषांना बहुतेक वेळा ते सांगता येत नाही. भटजींनाही भेटा किंवा फोन करा. अंतरपाटाच्या कुठल्या बाजूला कोण उभं राहणार आणि कुणाचं तोंड कुणीकडं असणार हे कळलं, की उन्हाकडं कुणाचा चेहरा येणार हे तुम्हाला आदल्या दिवशीच ठाऊक होतं.

मग एक माणूस मागून घ्या. दोन्हीकडच्या पाव्हण्यांना ओळखणारी एखादी करवली किंवा चुलतभाऊ. आपल्याकडची लग्नं एका गावात मावत नाहीत. नवरी चंदगड-गडहिंग्लजकडची, नवरा खानापूरचा, आत्या गोव्यात दिलेली, मामा हुबळीला नोकरीला. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेला मामा तुम्हाला ओळखून काढता येणार नाही. तो माणूस तुमच्या कानात सांगतो, "निळा फेटा बांधलेले ते मामा, त्यांना सोडू नका." घरच्यांकडून दहा-बारा नावं लिहून घ्या, त्यांत म्हाताऱ्या माणसांची नावं वर. लग्न झाल्यावर "आमच्या आज्जीचा एकपण फोटो नाही" हे ऐकावं लागलं तर तो तुमचाच दोष.

बोलीचंही लक्षात ठेवा. शेजारपाजारची, नोकरीतली कानडी मंडळी जेवायला हमखास असतात. "इकडं बघा" म्हटल्यावर निम्मी माणसं दुसरीकडंच बघत असतील तर "इल्ली नोड्री" म्हणा. दोन शब्दांत चेहरे खुलतात.

नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरनं आपणहून शिरू नये. बरोबर एखादी मुलगी साथीदार असेल तर उत्तम. नसेल तर नवरीच्या बहिणीला विचारून, दार उघडं ठेवून, दहा मिनिटांत काम आटपून बाहेर यावं.

पिशवीत काय असावं

नव्यानं सुरू करताना महागड्या सामानाच्या मागं लागू नका. एक बरा कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली साधी लेन्स आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा जास्त उजेड आत येतो), एवढ्यावर शेतातलं लग्न नीट होतं. पुढं जमेल तेव्हा ३५ आणि ८५ घ्या आणि दुसरा कॅमेरा घ्या. दुसरा कॅमेरा चैन नाही. चालू लग्नात पहिला बंद पडला तर हार परत घालता येत नाहीत. तोवर एखाद्या मित्राचा मागून तरी बरोबर ठेवा. शक्य असेल तर दोन कार्डांचा कॅमेरा बघा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन ठिकाणी साठतो. आणि रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्यानं काही न बदललेल्या कच्च्या फाइलमध्ये. मांडवाच्या कापडाचा रंग चेहऱ्यावर आला असेल तर रॉमध्ये तो बराचसा निघतो, जेपेगमध्ये फारसा नाही.

बॅटऱ्या आदल्या रात्रीच घरून पूर्ण चार्ज करून न्या. शेतात वीज असलीच तर ती मोटर, मिक्सर आणि लाउडस्पीकरला लागलेली असते. तांबडी धूळ फार बारीक असते. उघड्यावर लेन्स बदलू नका, गाडीत बसून काचा वर करून बदला. एक मऊ कापड, धूळ उडवायला हवेचा एक रबरी फुगा, दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक टॉवेल. पिशव्या वळवाच्या पावसासाठी, त्याबद्दल पुढं लिहितो. पांढरा शर्ट घालू नका, हळद कुणालाही सोडत नाही. भडक कपडेही नकोत, कारण तुमच्या लाल शर्टाचा रंग जवळ उभ्या नवरीच्या गालावर येतो. आणि सहज काढता-घालता येतील अशा चपला, कारण बोहल्यावर पायताण चालत नाही.

हळद, चुडा आणि काचेचं कौल

हळदीला कॅमेरा फसतो. फोटोभर पिवळा रंग दिसला की आपोआप चालणारं व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणं रंग सुधारणारी कॅमेऱ्यातली सोय) ते सुधारायला जातं आणि हळद फिकी, निळसर मारून टाकतं. म्हणून हळदीला व्हाइट बॅलन्स हातानं ठरवा. सावलीत असाल तर सावलीचं, उन्हात असाल तर उन्हाचं, आणि मग त्याला हात लावू नका.

चुडा भरणं मात्र मी कधीच सोडत नाही. सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीत, कासार बसलेला असतो, पुढ्यात हिरव्या काचेच्या बांगड्यांचे जुडगे. तो नवरीचा तळहात हातात घेतो, अंगठ्याच्या बुडाशी दाबतो, हाडं जणू एकमेकांत घडी घालून बसवतो आणि दोन बांगड्या एकदम सरकवतो. त्या क्षणी नवरी खालचा ओठ दातांत धरते. बांगडी मनगटावर पोचली की ओठ सुटतो, हात किंचित लाल झालेला असतो, आणि ती लगेच हात उंच करून बहिणीला दाखवते. हे सगळं तीनचार सेकंदांत होतं आणि प्रत्येक जोडीला परत होतं. म्हणजे तुम्हाला आठदहा संधी मिळतात. पहिल्या दोन नुसत्या बघा. मग ठरवा, हात घ्यायचा की चेहरा. दोन्ही एका फोटोत बसवायला गेलात की दोन्ही निसटतात.

जुनी कौलारू घरं अजून आहेत तोवर त्यांचा उपयोग करून घ्या. मंगळुरी कौलांच्या मध्ये एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. सकाळी त्यातून उजेडाची एक तिरीप सोप्यात उतरते आणि धुरकट हवेत ती स्पष्ट दिसते. मी कासाराला विचारतो, "काका, पाट जरा हिकडं ओढूया?" आणि चुडा त्या तिरपीच्या कडेला भरला जातो. तिरपीत नव्हे, कडेला. थेट तिरपीत चेहरा जळून पांढरा होतो. त्या उजेडात फ्लॅश लागत नाही, काही लागत नाही. शटर १/१२५, लेन्स एफ २ किंवा २.८, आयएसओ ८०० ते १६००, एवढ्यावर भागतं.

अक्षता

सगळ्या दिवसाचं सार इथं आहे, आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी आपली जागा धरा. माझी जागा ठरलेली आहे. अंतरपाटाच्या टोकाला, भटजींच्या किंचित मागं, एका गुडघ्यावर. तिथून अंतरपाट कडेनं एका रेघेसारखा दिसतो, त्याच्या एका बाजूला नवरी आणि दुसऱ्या बाजूला नवरा. गुडघ्यावर असल्यामुळं मागच्या लोकांनाही दिसतं आणि कुणी तुम्हाला ढकलत नाही. कॅमेऱ्याचा आवाज कमीत कमी ठेवा, पण एक सावधगिरी घ्या: पूर्ण आवाज बंद करणारं इलेक्ट्रॉनिक शटर एलईडीच्या उजेडात वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडच्या विजेवर साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. संध्याकाळच्या अक्षतांना साधं शटर वापरून वेग १/१०० वर ठेवला की पट्टे बहुतेक जातात.

दुपारच्या अक्षतांना माझा शटरचा वेग १/५०० च्या वर असतो. १/१००० ला तांदळाचा दाणा न् दाणा हवेत थांबलेला दिसतो. १/१२५ ला त्याच अक्षतांच्या रेघा होतात, पाऊस पडल्यासारख्या. दोन्ही सुंदर. पहिल्या एकदोन मंगलाष्टकांना दोन्ही करून बघा, कारण प्रत्येक "सावधान"ला अक्षता पडतातच. लेन्स एफ ४ किंवा ५.६ वर न्या. एफ १.८ वर नवरीचे डोळे लख्ख येतात आणि नवरा धूसर होतो, हे या दिवसाला शोभत नाही.

मधल्या मंगलाष्टकांत कॅमेरा फिरवा. कुणी मावशी स्वतः लिहिलेली मंगलाष्टका म्हणायला उभी राहते, कागद थरथरत असतो, दुसऱ्या हातानं ती माइक घट्ट धरून असते. मागं मामा उभा, करवलीच्या हातात करा-दिवा, आणि ती वाऱ्यापासून ज्योत वाचवायला पदर आडवा धरते. मोकळ्या शेतात वारा असतोच, म्हणून हा फोटो कार्यालयात मिळत नाही. पण "तदेव लग्नं" सुरू झालं की जागेवर या, डोळा कॅमेऱ्याला लावा आणि हलू नका. ते संपलं की वाजंत्री एकदम कडाडते, अंतरपाट खाली जातो आणि दोघं एकमेकांकडं बघतात. कधी हसतात, कधी बघतच नाहीत, लाजून दोघंही खाली बघतात. तो बघण्याचा क्षण अगदी थोडा असतो. त्यानंतर अक्षतांचा मारा सुरू होतो, सगळ्यांचे मोबाइल वर येतात आणि हारांसाठी मित्र नवऱ्याला उचलून धरतात.

मोबाइलवाल्यांवर ओरडू नका. ती त्यांच्या घरची माणसं आहेत, आपण पैसे घेऊन आलोय. आधीच जागा धरली असेल तर ओरडायची वेळच येत नाही.

पंगत, घोळके आणि संध्याकाळचा बांध

अक्षतांनंतर घरच्या माणसांचे एकत्र फोटो लगेच उरका, लोक जेवायला पांगायच्या आत. भावकी, मामाकडचे, आत्याकडचे, गल्लीतली पोरं, या क्रमानं. झाडाच्या अखंड सावलीत उभं करा, निम्मी माणसं उन्हात आणि निम्मी सावलीत असं नको. करवलीला यादी धरून हाका मारायला लावा. अर्ध्या तासात संपवा आणि जोडप्याला सोडा.

पंगतीत कॅमेरा खाली ठेवायचा की नाही यावर मतं आहेत. माझं मत असं, की वाढणाऱ्यांचे फोटो काढा, जेवणाऱ्यांचे तोंडात घास असताना काढू नका. हुग्गीची (गव्हाच्या खिरीची) बादली घेऊन धावणारा नवरीचा भाऊ, आमटीच्या डेगीवरची वाफ, चुलीजवळ घामेजलेले आचारी. उखाणा घेताना मात्र नवरीपेक्षा ऐकणाऱ्यांकडं वळा. सासूचा चेहरा बघा.

संध्याकाळी जोडप्याकडं वीस मिनिटं मागा, मावळतीच्या साधारण पाऊण तास आधी. दोघांनाच शिवारात पाठवणं गावात अवघड वाटतं, म्हणून करवली आणि एखादा धाकटा भाऊ बरोबर घ्या. ते दहा पावलं मागून येतील, पदर काट्याला अडकला तर सोडवतील. जोडप्याला "असं उभं राहा, तसं बघा" म्हणू नका, काहीतरी काम द्या. बैलाला चारा द्या, विहिरीत डोकावा, एक ऊस दोघांत मोडून खा. बांधावरून एकामागं एक चालताना पुढचा मागं वळून हात देतोच. सूर्य त्यांच्या पाठीशी ठेवा, केसांच्या कडा उजळतात. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एक घर (एक स्टॉप) वाढवा, नाहीतर चेहरे काळे येतात. सुगी संपलेली असेल तर पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंज्या असतात, त्यांची सोनेरी बाजू दोघांच्या चेहऱ्यावर मऊ उजेड टाकते. पिंजराच्या गंजीला टेकवून नवरा-नवरी नुसती बसू द्या. सकाळपासून उभी असतात बिचारी, बसल्यावर त्यांच्या खांद्यांतला ताण उतरतो आणि तो उतरलेला फोटोत दिसतो.

एप्रिल-मेमध्ये वळीव येणार असं धरूनच चला. दुपारनंतर ढग चढतात, वारा सुटतो, मांडवाचं कापड फडफडायला लागतं. कॅमेऱ्याला पिशवी बांधा, लेन्सपुरतं भोक ठेवा. विजा असतील तर आंब्याखाली थांबू नका, घरात किंवा गाडीत जा, जोडप्यालाही न्या. पण सामान आवरू नका. वळीव तासाभरात सरतो आणि मागं जो उजेड सोडून जातो तसा वर्षभर मिळत नाही. धूळ बसलेली, तांबडी माती गडद झालेली, पश्चिमेकडून ढगांखालून ऊन आणि पूर्वेला काळंकुट्ट आभाळ. नवरी ओल्या चपला हातात घेऊन अंगणात उतरली, तर काढा.

पाठवणीला लांब जा. ८५ किंवा त्याहून लांब लेन्स लावा आणि रडणाऱ्या माणसांच्या पुढ्यात जाऊ नका. सगळे गाडीकडं धावतात तेव्हा एकदा मागं मांडवाकडंही बघा. एका लग्नात गाडी हलली, गल्लीच्या वळणापर्यंत सगळे गेले, आणि नवरीचे वडील मांडवात एकटेच भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालून रचत होते. दहाच्या थप्प्या करून मोजत होते. मी एकच फोटो काढला आणि कॅमेरा खाली ठेवून खुर्च्या उचलायला गेलो.

वरातीत लेझरचे दिवे असतील तर कॅमेरा त्यांच्याकडं रोखू नका. लेझरचा किरण सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो, आणि ते दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि रात्री जांबोटीच्या रस्त्यानं परत येणार असाल तर सावकाश या, गवे रस्त्यावर उभे असतात.

ड्रोनबद्दल थोडं

जोडपी ड्रोन मागतात. बेळगावभोवती सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, गावात लष्कराचा मोठा भाग आहे, आणि खानापूरकडं भीमगड अभयारण्य. देशात २०२१ पासून ड्रोनचे वेगळे नियम लागू आहेत. कुठं उडवता येतं आणि कुठं परवानगी लागते हे सरकारी नकाशावर आधी बघा, आणि शंका असेल तर जोडप्याला सरळ नाही म्हणा. मंगलाष्टकं चालू असताना तर ड्रोन उडवूच नका. त्या घरघरीत एकही शब्द ऐकू येत नाही आणि सगळी माणसं आभाळाकडं बघत बसतात.

रात्री आणि नंतर

घरी पोचल्यावर कितीही दमला असाल तरी झोपायच्या आधी कार्डं उतरवा. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि जमलं तर तिसरी दुसऱ्याच घरात. फोटो जोडप्याच्या हातात पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

विचारल्याशिवाय कुणाचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका. जोडप्यानं होय म्हटलं तरी हळदीत भिजलेल्या, नाचणाऱ्या पोरींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. गाव लहान असतं आणि एका फोटोवरून त्या पोरीला घरात काय ऐकून घ्यावं लागेल हे आपल्याला कळत नाही.

शेवटचं काम छपाईचं. पेन ड्राइव्ह द्या, अल्बम द्या, पण पोस्टकार्ड आकाराचे पंधरावीस फोटो कागदावर छापून स्वतः घरी घेऊन जा. आज्जीला मोबाइलमध्ये बोट सरकवत बघणं जमत नाही. ती ते फोटो मांडीवर पसरते, चष्मा वर-खाली करते आणि एकेकावर बोट ठेवून सांगायला लागते, ही माझी नणंद, हा तिचा जावई, ही बाई आता नंदगडाला असते. तेव्हा खिशातून बारीक मार्कर काढा आणि ती सांगेल तसं प्रत्येक फोटोच्या पाठीमागं नाव, नातं आणि गाव लिहीत जा. शाई वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नका, ती पुढच्या चेहऱ्यावर उमटते.